शोधात वर यायचे रस्ते : आमच्या होमस्टेचा अनुभव आणि काही प्रश्न

रानजाई | १२ फेब्रुवारी, रात्री ९:४०

नमस्कार. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज बसले.

गुहागर तालुक्यात, हेदवीच्या जवळ सासरचं जुनं घर आहे. सासू-सासरे तिथे असतात, आम्ही दोघं पुण्यात. २०१९ मध्ये मागच्या पडवीच्या तीन खोल्या नीट करून पाहुणे ठेवायला सुरुवात केली. वेबसाइट मीच केली होती. चार फोटो, दर, सासऱ्यांचा फोन नंबर, बास. सुरुवातीला ओळखीतून माणसं यायची. लॉकडाउननंतर आजूबाजूला भराभर होमस्टे झाले आणि 'गुहागर होमस्टे' शोधलं की आम्ही तिसऱ्या-चौथ्या पानावर. तिथपर्यंत कोण जातंय?

२०२२ च्या पावसाळ्यात एका एजन्सीचा फोन आला. "तीस दिवसांत पहिल्या पानावर, नाहीतर पैसे परत." पंधरा हजार रुपये. नेमकं काय करणार असं विचारलं तर, "मॅडम, ते टेक्निकल असतं." मी पासवर्ड दिला आणि पुढे विचारलं नाही. दिवाळीत खरंच फोन वाढले. आम्ही खूश.

डिसेंबरमधल्या एका शनिवारी रात्री आठच्या सुमारास कल्याणच्या एका कुटुंबाचा सासऱ्यांना फोन आला. "काका, आम्ही गणपतीच्या देवळासमोर उभे आहोत. तुमचं घर कुठल्या बाजूला?" सासऱ्यांना वाटलं हेदवीचं दशभुजा गणपतीचं देऊळ. बॅटरी घेऊन ते देवळापर्यंत गेले. तिथे कुणीच नाही. पुन्हा फोन झाला, समुद्र अगदी देवळाला लागून आहे असं ते म्हणाले, तेव्हा उलगडा झाला. ती माणसं गणपतीपुळ्याला उभी होती.

कोकणातले नसाल तर सांगते. मध्ये शास्त्री नदीची खाडी आहे. जयगडहून तवसाळला फेरीबोटीने गाडी आणता येते, नाहीतर राई-भातगावच्या पुलावरून वळसा घालायचा. अनोळखी माणसाने तो रस्ता अंधारात करायचा म्हणजे दोन तासांचं काम, आणि त्यांच्यासोबत ऐंशीच्या घरातल्या आजी. सासऱ्यांनी तासभर फोन करून तिथल्याच एका ओळखीच्यांकडे खोली बघून दिली आणि आगाऊ घेतलेले पैसे परत पाठवले.

मग मी साइट उघडून बसले. मेनूत कुठेही न दिसणारी बावीस पानं निघाली. 'गणपतीपुळे मंदिराजवळ घरगुती निवास', 'दापोली बीच होमस्टे', 'हर्णे', 'चिपळूण', 'मालवण'सुद्धा. सगळीकडे आमचेच फोटो, आमचाच नंबर, फक्त गावाचं नाव बदललेलं. सासरे रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "आपण गणपतीपुळ्याला आहोत असं आपण कुठे सांगितलं होतं?"

मार्च २०२३ मध्ये गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये (गूगल साइटमालकांना माहिती देतं ती जागा) 'मॅन्युअल अ‍ॅक्शन'ची, म्हणजे गूगलच्या माणसांनी तपासून केलेल्या कारवाईची, सूचना आली आणि साइट शोधातून जवळजवळ नाहीशी झाली. त्यातून बाहेर कसं आलो ते नंतर लिहिते. विचारायचं आहे ते असं : यातलं योग्य काय आणि अयोग्य काय हे माझ्यासारखीने ओळखायचं कसं? घर चालवायचं तर दिसायला तर हवंच ना.

---

चाकरमानी_ठाणे | १२ फेब्रुवारी, रात्री १०:१५

वाचताना त्या आजींचंच डोळ्यासमोर येत राहिलं. सासऱ्यांना नमस्कार सांगा.

ती सूचना या बावीस पानांमुळे आली होती का?

---

रानजाई | १२ फेब्रुवारी, रात्री १०:३२

@चाकरमानी_ठाणे, नाही. ती पानं मी डिसेंबरमध्येच काढली होती. सूचनेत 'अनैसर्गिक लिंका' असं होतं. आमच्या साइटकडे बोट दाखवणाऱ्या सहाशेच्या वर लिंका निघाल्या. परदेशी जुगाराच्या साइट, कुठलीतरी बंद पडलेली शाळा, औषधांच्या जाहिराती. तिथे आमच्या तीन खोल्यांचं काय काम?

---

गाठोडं | १३ फेब्रुवारी, सकाळी ७:५०

ताई, मी पुण्यात सात वर्षं अशाच कामात होतो. तुमची एजन्सी नव्हे, पण काम तेच. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लिंकेला एवढी किंमत का आली ते आधी सांगतो. १९९८ मध्ये लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी स्टॅनफर्डमध्ये पेजरँकची कल्पना मांडली. एखाद्या पानाकडे दुसऱ्या पानांनी लिंक दिली म्हणजे त्यांनी त्याच्या बाजूने मत दिलं, आणि वजनदार पानाचं मत जास्त मोलाचं. त्याआधीची शोधयंत्रं मुख्यतः पानावरचे शब्द मोजायची, म्हणून लोक पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरात तोच शब्द दोनशे वेळा लिहून ठेवायचे. शब्द कुणीही लिहील, पण दुसऱ्याने दिलेलं मत खोटं पाडणं अवघड, असा तो विचार होता.

मग मतंच विकत मिळायला लागली. मी रोज तेच करायचो. दिवसाला चाळीस डिरेक्टऱ्यांमध्ये, म्हणजे साइटच्या याद्यांमध्ये, नोंदी. ब्लॉगांखाली "छान माहिती" अशी प्रतिक्रिया आणि नावाला गिऱ्हाइकाची लिंक. मुदत संपलेली डोमेनं, म्हणजे साइटचे पत्ते, विकत घ्यायची, त्यांची जुनी पत वापरायची. तुमच्या यादीतली ती बंद पडलेली शाळा म्हणजे बहुतेक तसलंच डोमेन. मुलांसाठी उभ्या राहिलेल्या संस्थेचं नाव, तिला लोकांनी विश्वासाने दिलेल्या लिंका, आणि त्यावर आम्ही कर्जाच्या जाहिराती चढवायचो. हे आता लिहितानाही बरं वाटत नाही.

मोठ्यांनीही हे केलंय. फेब्रुवारी २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने अमेरिकेतल्या जे. सी. पेनी या दुकानसाखळीचं प्रकरण बाहेर काढलं. 'ड्रेसेस' शोधा, 'बेडिंग' शोधा, सगळीकडे तेच वर. कारण शेकडो असंबद्ध साइटवर पेरलेल्या हजारो लिंका. गूगलने खाली ढकलल्यावर एका प्रवासी बॅगेच्या शोधात ते पहिल्या क्रमांकावरून थेट ७१ व्या क्रमांकावर गेले. आपल्याला यातलं काही माहीत नव्हतं असं कंपनीने सांगितलं आणि आपल्या एसईओवाल्यांना (शोधात वर आणायचं काम करणाऱ्यांना) काढून टाकलं.

तुमच्या बावीस पानांना आमच्याकडे 'डोअरवे पेज' म्हणतात. फेब्रुवारी २००६ मध्ये बीएमडब्ल्यूची जर्मन साइट याच कारणासाठी गूगलने काही दिवस यादीतून काढली होती. शोधयंत्राला जुन्या गाड्यांबद्दलच्या शब्दांनी भरलेलं पान दाखवायचं आणि माणूस आला की त्याला भलतीकडेच पाठवायचं.

२४ एप्रिल २०१२ ला गूगलने साइटचा क्रम ठरवण्याच्या पद्धतीत 'पेंग्विन' नावाचा बदल आणला आणि विकतच्या लिंकांवर उभ्या असलेल्या साइट एका आठवड्यात कोसळल्या. आमच्या ऑफिसात दिवसभर फोन वाजत होते. त्यात नाशिकच्या एका गृहस्थांचं छोटं दुकान होतं. त्यांनी काहीही केलं नव्हतं, केलं होतं ते मी. मी नोकरी त्यानंतर वर्षभराने सोडली. तेव्हाच सोडायला हवी होती.

---

अडकित्ता | १३ फेब्रुवारी, सकाळी ११:०५

लेख आणि प्रतिसाद दोन्ही प्रामाणिक आहेत, पण मूळ प्रश्नात एक गफलत होतेय असं मला वाटतं.

गूगलचा नियम म्हणजे नीती नव्हे. ती एक खाजगी कंपनी आहे. सर्चमधली मक्तेदारी तिने बेकायदा मार्गाने टिकवली, असा निकाल ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने दिलाय. शोधाच्या पानावर सर्वांत वर जाहिराती असतात, त्या पैसे देऊनच वर येतात. मग एखाद्या गावातल्या माणसाने दोन हजार देऊन एका प्रवासाच्या ब्लॉगवर लिंक घेतली तर तो अनैतिक कसा? जाहिरातीचे पैसे गूगलला मिळाले तर सचोटी, ब्लॉगवाल्याला मिळाले तर पाप? हे मला पटत नाही.

---

गाठोडं | १३ फेब्रुवारी, दुपारी १:२०

@अडकित्ता, अर्धं मान्य. नियम कंपनीचे आहेत आणि ते वेळोवेळी बदलतात. पण तुम्ही दिलेल्या उदाहरणातच उत्तर आहे. जाहिरातीवर 'प्रायोजित' असं लिहिलेलं असतं. वाचणाऱ्याला कळतं की इथे पैसे दिलेत. ब्लॉगवाल्यानेही तसंच लिहावं आणि लिंकेला तशी खूण लावावी, म्हणजे गूगलही तिला सहसा मत म्हणून मोजत नाही. 'नोफॉलो'ची खूण २००५ पासून आहे, 'स्पॉन्सर्ड' अशी वेगळी खूण २०१९ पासून. पैसे देऊन घेतलेली लिंक आपणहून दिलेली आहे असं भासवणं, इथे बिघडतं.

गूगलला स्वतःलाही हे लागू झालंय. २०१२ च्या सुरुवातीला त्यांच्याच क्रोम ब्राउझरच्या प्रचारासाठी पैसे देऊन लिहून घेतलेले ब्लॉग सापडले, त्यात अशी खूण नसलेली एक लिंक निघाली. गूगलने क्रोमचं पान किमान साठ दिवसांसाठी खाली टाकलं.

आणि एक. पहिल्या पानावर जागा साधारण दहाच. मी कुणाला तरी खोट्याने वर चढवलं तेव्हा अकराव्या जागी कोण गेलं हे मी कधी बघितलं नाही. ताईंच्या शेजारच्या एखाद्या खऱ्या घराची जागा गेली असेल.

---

अडकित्ता | १३ फेब्रुवारी, दुपारी २:०२

तो अकराव्या जागेचा मुद्दा पटला. मक्तेदारीबद्दलचं माझं म्हणणं कायम.

---

श्रवणभक्त | १३ फेब्रुवारी, सायंकाळी ६:४५

मला दिसत नाही. मी स्क्रीन रीडरने वाचतो, हा धागाही तसाच ऐकला. वर पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांचा उल्लेख आला म्हणून लिहितोय.

तुम्हाला ती अक्षरं दिसत नाहीत. मला ऐकू येतात. स्क्रीन रीडरला रंगाशी देणंघेणं नसतं, तो पानावर आहे ते वाचतो. कोकणात कुठे राहायचं ते शोधताना मी एका पानाच्या तळाशी 'स्वस्त रूम बीच रूम फॅमिली रूम एसी रूम' ही माळ मिनिटभर ऐकलीय. दर कुठे लिहिलाय ते सापडेना.

याहून वाईट म्हणजे फोटोचं वर्णन. वेबसाइटवर फोटो टाकताना 'ऑल्ट टेक्स्ट' लिहायची सोय असते, ती माझ्यासारख्यांसाठी आहे. त्या जागी लिहायचं, 'पडवीत लाकडी झोपाळा, समोर दोन पायऱ्या'. मला पायऱ्या आहेत हे कळणं किती गरजेचं आहे बघा. त्याऐवजी प्रत्येक फोटोवर 'गुहागर होमस्टे बेस्ट होमस्टे' असं ऐकू येतं. वीस फोटो, वीस वेळा तेच. आमच्यासाठी ठेवलेली जागा आमच्याकडून काढून घेतलीय असं वाटतं.

आणि हे नीट लिहिलं तर शोधयंत्रालाही फोटोत काय आहे ते कळतं. म्हणजे दोघांचंही भलं होतं. मग लोक का करत नाहीत?

---

रानजाई | १३ फेब्रुवारी, रात्री ८:१०

@श्रवणभक्त दादा, तुमचा प्रतिसाद वाचून मी आत्ता साइट तपासली. सव्वीस फोटो आहेत. एजन्सीने लिहिलेली वर्णनं अजून तशीच होती. दिसत नाहीत म्हणून माझ्या लक्षातच आलं नाही. आज रात्री बसून बदलते. झाल्यावर एकदा ऐकून सांगाल का?

---

श्रवणभक्त | १३ फेब्रुवारी, रात्री ८:२६

जरूर. पायऱ्या, कठडा आणि बाथरूमचा उंबरठा तेवढा विसरू नका.

---

कोकमसरबत | १४ फेब्रुवारी, सकाळी ९:३०

आमची मालगुंडला घरगुती खानावळ आहे. गूगल मॅप्सवरच्या अभिप्रायांबद्दल विचारायचंय. भाचे-पुतणे मिळून बारा जणांनी पाच-पाच तारे देऊन छान लिहिलंय. ते आमच्याकडे खरंच जेवलेत आणि खरंच आवडलंय. हेही चुकीचं का?

---

गाठोडं | १४ फेब्रुवारी, सकाळी १०:४०

@कोकमसरबत, काका, चव खरी असेल यात शंका नाही. पण वाचणाऱ्याला वाटतं बारा अनोळखी माणसं सांगतायत. घरच्यांनी आपल्याच धंद्याबद्दल लिहिणं गूगलच्या धोरणात बसत नाही. अभिप्रायाच्या बदल्यात सवलत किंवा एखादा पदार्थ देणंही नाही. खूश दिसलेल्यांकडूनच तेवढं मागणंही नाही. भारतीय मानक ब्युरोनेही नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक आणलं. ऐच्छिक म्हणून आलं, पण विकत घेतलेले किंवा त्यासाठीच नेमलेल्या माणसांनी लिहिलेले अभिप्राय छापू नयेत असं त्यात स्वच्छ आहे.

भाचे मंडळींना काढून टाकायला सांगा. जेवून उठणाऱ्या प्रत्येकाला, भाजी खारट झाली त्या दिवशीसुद्धा, "जमलं तर लिहा" असं म्हणा.

---

चाकरमानी_ठाणे | १४ फेब्रुवारी, दुपारी १२:१५

या सगळ्याचं टोक कुठे जातं ते सांगतो. माझ्या मावशीने गॅस एजन्सीचा नंबर शोधला, वर आलेल्या नंबरावर फोन केला, आणि पलीकडच्याने सांगितलेलं अ‍ॅप टाकून घेतलं. खात्यातून अठ्ठेचाळीस हजार गेले. तो नंबर एजन्सीचा नव्हताच. खोटं पान करून, कस्टमर केअरचे शब्द भरून वर आणलेलं होतं. २०१८ मध्ये तर गूगल मॅप्सवर बँकेच्या शाखांचे नंबरच बदलल्याच्या तक्रारी महाराष्ट्राच्या सायबर पोलिसांकडे आल्या होत्या.

होमस्टेची खोटी पानं आणि हे एकच आहे असं मी म्हणत नाही. पण हत्यार तेच आहे. वर दिसतंय म्हणजे खरं असेल, या मावशीच्या समजुतीवरच दोन्ही चालतं. (असं कुणाचं झालं तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. जितका उशीर, तितके पैसे मिळणं कठीण.)

---

अनुस्वार | १४ फेब्रुवारी, दुपारी ४:५०

मी मुद्रितशोधन आणि भाषांतर करते. मराठीपुरतं लिहिते.

आपल्याकडे कितीतरी चांगला मजकूर शोधात येतच नाही, कारण तो श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टात अडकलाय किंवा चित्राच्या रूपात चढवलाय. शोधयंत्राला पहिल्यात निरर्थक अक्षरं दिसतात, दुसऱ्यात नुसतं चित्र. असा मजकूर युनिकोडमध्ये (कुठल्याही यंत्राला वाचता येईल अशा अक्षरसंचात) आणणं, त्याला स्पष्ट शीर्षक देणं, तारीख टाकणं, हे वर येण्यासाठीच केलेलं काम आहे आणि त्यात कुणाची फसवणूक नाही. मी तर त्याला सेवा म्हणेन.

उलट बाजूला काय चाललंय? मला गेल्या वर्षी काम आलं होतं. यंत्राने लिहिलेले दोनशे मराठी लेख, त्यातल्या 'फक्त मात्रा-वेलांट्या बघा'. विषय मधुमेह, रक्तदाब, गरोदरपणातला आहार. लिहिणाऱ्याचं नाव 'डॉ.' लावून बनवलेलं. मजकूर बरोबर आहे की नाही हे बघणारं कुणीच नव्हतं. मी नाही म्हटलं. मार्च २०२४ मध्ये गूगलने अशा घाऊक मजकुराविरुद्ध नियम आणला, मग तो माणसाने लिहिलेला असो वा यंत्राने. पण इंग्रजीत एक खोटा लेख वर आला तर खाली शंभर खरे असतात. मराठीत एखाद्या आजाराबद्दल वाचण्यासारखी पानं मोजकीच सापडतात. तिथे दोनशे निराधार लेख टाकले की विहीरच नासते. आणि ती वाचणारी बाई दुसऱ्या भाषेत पडताळून बघू शकेलच असं नाही.

---

रानजाई | १४ फेब्रुवारी, रात्री ९:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. कबूल केल्याप्रमाणे पुढचं लिहिते.

लिंका देणाऱ्या साइटवाल्यांना आधी मेल पाठवले. सहाशेंपैकी अकरांनी काढल्या, दोघांनी काढायचे पैसे मागितले. उरलेल्या डोमेनांची साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, एका ओळीत एक, अशी यादी करून 'डिसअव्हाऊ' टूलमधून ('या लिंका मोजू नका' असं सांगायची सोय) गूगलला दिली. मग पुनर्विचाराचा अर्ज. पहिला नाकारला गेला. दुसऱ्यात कुणाला, किती पैसे दिले, काय केलं गेलं, सगळं लिहिलं. मे महिन्यात ती कारवाई मागे घेतली गेली. जागा मात्र लगेच परत मिळाली नाही. तो पूर्ण हंगाम गेला.

त्यानंतर मी सासऱ्यांना एक वही दिली. फोनवर लोक काय विचारतात ते लिहून ठेवा म्हटलं. त्यांच्या अक्षरातली ती वही माझ्याकडे आहे. सगळ्यांत जास्त वेळा काय असेल? 'दाभोळ-धोपावे फेरीत मोठी गाडी चढते का?' मग 'चिपळूण स्टेशनवरून कसं यायचं?', 'वेळणेश्वरला पोहता येतं का?', 'बामणघळ (हेदवीची समुद्राकाठच्या खडकातली घळ) कधी बघावी?', 'जेवणात मासे रोज असतात का?'

एकेका प्रश्नाचं एकेक पान केलं. फेरीबोटीचं पान लिहायला मी स्वतः दोनदा धोपाव्याच्या जेटीवर गेले. रांग कुठे लागते, गाडी उलटी कशी चढवायला लावतात, पावसाळ्यात आदल्या दिवशी फोन का करावा, ते पाहून लिहिलं आणि मीच काढलेले फोटो टाकले. बामणघळीच्या पानावर भरतीची वेळ बघून जा आणि कड्याच्या टोकाला जाऊ नका हे सुरुवातीलाच आहे. वेळणेश्वरच्या पानासाठी गावातल्या मासेमारी करणाऱ्यांना विचारलं. फोटो लहान केले, कारण तिथे मोबाइलला रेंज जेमतेम असते आणि जुनं पान उघडतच नसे. एका सायकलवाल्या गटाने फेरीचं पान आपल्या साइटवर जोडलं. त्यांना मी सांगितलं नव्हतं, ओळखतही नव्हते. ती पहिली खरी लिंक.

आज 'गुहागर होमस्टे'ला आम्ही पहिल्या पानावर नाही. फेरीबोटीच्या प्रश्नाला आहोत. आणि ते वाचून फोन करणाऱ्यांना घर कुठे आहे हे आधीच माहीत असतं.

---

श्रवणभक्त | १५ फेब्रुवारी, सकाळी ८:०५

फोटो ऐकले. झोपाळा, पायऱ्या, कठडा, सगळं कळलं. अकराव्या फोटोचं वर्णन राहिलंय.

---

दिवेलागण | १५ फेब्रुवारी, सकाळी १०:५०

धागा वाचून फेरीबोटीचं पान पाहिलं, छान आहे. आम्ही सहा जण मेमध्ये येतोय, सोबत आई-बाबा. गणपतीपुळ्याचं दर्शन हा मुख्य हेतू, दोन रात्री. तुमच्याकडे राहून जमेल का?

---

रानजाई | १५ फेब्रुवारी, सकाळी ११:२०

@दिवेलागण, दोनच रात्री आणि दर्शन मुख्य असेल तर गणपतीपुळ्यालाच राहा. आमच्याकडून रोज ये-जा करायची तर फेरी आणि घाटवळणाचा रस्ता मिळून आई-बाबांचा अर्धा दिवस गाडीतच जाईल. तिथल्या ज्यांनी त्या रात्री कल्याणच्या मंडळींना खोली दिली, त्यांचा नंबर विचारून व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. @श्रवणभक्त दादा, अकरावा फोटो विहिरीचा आहे, आत्ता लिहिते.